एल्फिन्स्टन आडनावाची माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. त्यांचा रेल्वेचा जुना पास अजून माझ्या कपाटात आहे. पुठ्ठ्याच्या कडा मऊ पडल्यात, शाई फिकट झाली आहे, पण स्टेशनचं नाव नीट वाचता येतं : एल्फिन्स्टन रोड. ‘हा एल्फिन्स्टन कोण?’ असं लहानपणी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, ‘होता एक गव्हर्नर.’ पुढे इतिहास शिकवायला लागलो तेव्हा कळलं की आपल्याकडे या नावाचे गव्हर्नरच दोन झाले, आणि स्कॉटलंडपासून काबूलपर्यंत याच आडनावाची आणखी कितीतरी माणसं होऊन गेली. विद्यार्थी आणि ओळखीचे लोक त्यांच्याबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हे आडनाव मूळचं कुठलं?

स्कॉटलंडच्या पूर्वेला, एडिनबरापासून जवळच ईस्ट लोदियन नावाचा भाग आहे. तिथल्या ट्रेनेंट गावाजवळ एल्फिन्स्टन नावाचं छोटं गाव आहे. त्या गावची जमीन ज्यांच्याकडे होती, त्यांना गावाचंच नाव चिकटलं. आपल्याकडे पाटगावचा तो पाटगावकर आणि संगमनेरचा तो संगमनेरकर होतो, तसंच हे. फरक इतकाच की आपला ‘कर’ गावातून बाहेर पडलेल्या कुणालाही लागतो. तिथे मात्र असं आडनाव बहुधा जमीनदार घराण्याचं असायचं. त्यामुळे स्मिथ किंवा मॅकडोनाल्डसारखं ते गल्लोगल्ली सापडत नाही.

त्या गावात एक जुना दगडी मनोरा होता. खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचली आणि विसाव्या शतकात तो पाडावा लागला. घराण्याची मुख्य गादी त्याच्या कितीतरी आधी स्टर्लिंगकडच्या एअर्थ परिसरात गेली होती.

उच्चार ‘एल्फिन्स्टन’ की ‘एल्फिन्स्टोन’?

एल्फिन्स्टन. इंग्रजी अक्षरं पाहून पुष्कळ जण ‘स्टोन’ म्हणतात, पण जोर पहिल्या अक्षरावर आणि शेवट ‘स्टन’ असाच. आपल्या लोकांनी ऐकून उचललं ते बरोबर उचललं. लोकलच्या गर्दीत त्याचं ‘एल्फिस्टन’ झालं, तेही कानाला जवळचंच आहे.

घराणं मोठं कधी झालं?

१५१० साली अलेक्झांडर एल्फिन्स्टनला ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ ही पदवी मिळाली. तीनच वर्षांनी, सप्टेंबर १५१३ मध्ये, फ्लॉडनच्या लढाईत इंग्रजांनी स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडवला. राजा चौथा जेम्स पडला, आणि त्याच्याबरोबर हा पहिला लॉर्डही. त्याचा मुलगा दुसरा लॉर्ड झाला, आणि तोही १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत इंग्रजांशीच लढताना मारला गेला. बाप आणि मुलगा दोघेही इंग्रजांच्या हातून गेले, आणि पुढे त्याच घरातले लोक इंग्रजांचं साम्राज्य वाढवायला जगभर गेले. हे वाचून माझे विद्यार्थी दर वेळी चकित होतात. मधल्या काळात, १७०७ मध्ये, इंग्लंड आणि स्कॉटलंड एक राज्य झालं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्या स्कॉटिश घरांतल्या धाकट्या मुलांना खुल्या झाल्या होत्या.

मुंबईचा एल्फिन्स्टन नेमका कोणता?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सावकाश सांगतो.

पहिला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. जन्म ६ ऑक्टोबर १७७९, मृत्यू २० नोव्हेंबर १८५९. १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील, होता तो हाच. कॉलेजला नाव याचं.

दुसरा जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. १८३७ ते १८४२ मद्रासचा आणि १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे सख्खा पुतण्या. स्टेशनला नाव याचं.

काका आणि पुतण्या, दोघेही मुंबईचे गव्हर्नर आणि दोघेही अविवाहित. गोंधळ होणं साहजिक आहे.

माउंटस्टुअर्टला आपण चांगला म्हणायचं की वाईट?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो. एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, एवढं मी आधीच सांगतो.

सोळाव्या वर्षी तो कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. १७९९ मध्ये बनारसला अवधचा पदच्युत नवाब वजीर अली याने इंग्रजांची कत्तल केली, त्यातून तो घोड्यावरून निसटला. पुण्याच्या रेसिडेन्सीत नेमणूक झाली आणि १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत तो इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या शेजारी होता. ‘तू चुकून मुलकी खात्यात आलास, तू शिपाईच व्हायला हवं होतंस,’ अशा अर्थाचं वेलस्ली त्याला म्हणाला होता. मग चार वर्षं नागपूरला भोसल्यांच्या दरबारी काढली, आणि १८११ पासून तो पुन्हा पुण्यात, या वेळी रेसिडेंट म्हणून.

पेशवाईचा शेवट याच माणसाच्या हातून झाला. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपूरला खून झाला. एल्फिन्स्टनने त्याबद्दल पेशवा दुसरा बाजीराव याच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्याकडे बोट दाखवलं, बाजीरावाला त्रिंबकजी हवाली करायला लावला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. त्रिंबकजी तिथून पळाला. १८१७ च्या जूनमध्ये पुण्याचा तह बाजीरावाच्या गळी उतरवला गेला, आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून नदीपलीकडे सैन्याकडे गेला, आणि मागे पेशव्यांच्या लोकांनी रेसिडेन्सी पेटवली. त्याची पुस्तकं, टिपणं, कागदपत्रं सगळं जळालं. ग्रीक, लॅटिन आणि फारसी वाचणारा माणूस होता तो. पर्वतीवरून बाजीराव लढाई पाहत होता आणि पलीकडच्या बाजूने हा आपलं ग्रंथालय जळताना पाहत होता.

पेशवाई गेल्यावर नवा मुलूख लावायचं काम त्याच्याकडे आलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना त्याने गादीवर बसवलं. इंग्रजांविरुद्धचा कट सापडला तेव्हा त्याच्या म्होरक्यांना तोफेच्या तोंडी देण्याचा हुकूमही त्यानेच दिला. हे दुसरं पाठ्यपुस्तकात बहुधा नसतं. १८१९ च्या त्याच्या अहवालात मराठी मुलखातली गावं, पाटील-कुलकर्णी, वतनं, पंचायती यांचं जे वर्णन आहे ते इतकं बारकाईने केलेलं आहे की आजही अभ्यासकांना ते टाळून पुढे जाता येत नाही. जे चाललंय ते होता होईल तो मोडू नये, असं त्याचं धोरण होतं. इनामं राखली, पेशव्यांकडून विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेची रक्कम पूर्ण बंद केली नाही, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आजच्या डेक्कन कॉलेजची सुरुवात ती. तारीख पाहा : त्याच्या वाढदिवसाचीच.

त्याच्याबरोबर काम केलेल्या ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याने एक आठवण लिहून ठेवली आहे. तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग दिसला, म्हणून त्याने विचारलं, ही कशाला? एल्फिन्स्टन म्हणाला, इथल्या लोकांना शिकवायला. पण हाच आपला युरोपला परत जायचा रस्ता आहे. लोक शिकले की आपल्याला इथून जावं लागेल हे त्याला कळत होतं, आणि तरीही त्याने पुस्तकं छापली. माझं मत विचाराल तर मी त्याला आपला शत्रू मानतो, आणि मराठी समाजाला इतकं लक्ष देऊन वाचणारा परका माणूस दुर्मीळ होता हेही मानतो. या दोन्हींतलं एकही मला सोडवत नाही.

एल्फिन्स्टन कॉलेज त्यानेच काढलं ना?

नाही. तो १८२७ मध्ये मुंबई सोडून जायला निघाला, तेव्हा शहरातल्या लोकांनी त्याच्या नावाने वर्गणी जमवली. दोन लाखांहून अधिक रुपये गोळा झाले. त्यातून प्राध्यापकांच्या जागा निर्माण करायच्या ठरल्या आणि १८३० च्या दशकाच्या मध्यात वर्ग सुरू झाले. म्हणजे नाव त्याचं आणि पैसा मुंबईकरांचा. बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये तिथे साहाय्यक प्राध्यापक झाले. दादाभाई नौरोजी तिथेच शिकले आणि तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर, फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग हे सगळे तिथले. १९१२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथूनच बी. ए. झाले. त्या तंबूतल्या वाक्याचा अर्थ ही नावं वाचताना जास्त कळतो.

पुतण्याने काय केलं?

त्याच्या वाट्याला १८५७ आलं. मुंबई इलाख्यातून त्याने उत्तरेकडे सैन्य पाठवलं, त्याबद्दल इंग्रजांनी त्याची वाखाणणी केली. आपल्या बाजूने पाहिलं तर त्याच्याच कारकिर्दीत कोल्हापूरच्या पलटणीचा उठाव चिरडला गेला आणि ऑक्टोबर १८५७ मध्ये मुंबईच्या मैदानावर मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, आणि गव्हर्नर या नात्याने पहिला कुलपतीही हाच होता. १८६० मध्ये इंग्लंडला परतला आणि त्याच जुलैत वारला. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत, १८६७ मध्ये, स्टेशन सुरू झालं.

काबूलमध्ये सोळा हजार माणसं गमावणारा एल्फिन्स्टन, तो हाच का?

नाही, तो तिसरा : मेजर-जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. माउंटस्टुअर्टचा चुलत भाऊ.

ही गोष्ट नीट सांगायला १८०९ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी माउंटस्टुअर्ट कंपनीचा वकील म्हणून अफगाणिस्तानच्या शाह शुजाला पेशावरला भेटला. पुढे काबूलच्या राज्यावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला, तो १८१५ मध्ये निघाला आणि कितीतरी वर्षं प्रमाण मानला गेला. प्रत्यक्ष काबूल शहर मात्र त्याने पाहिलंच नव्हतं. शाह शुजाची गादी लवकरच गेली. तीस वर्षांनी कंपनीने त्याच शुजाला परत गादीवर बसवायचा घाट घातला, तेव्हा निवृत्त होऊन विलायतेत बसलेल्या माउंटस्टुअर्टने कंपनीचा अधिकारी अलेक्झांडर बर्न्सला स्पष्ट लिहिलं : काबूल घ्याल, शुजाला बसवाल, पण त्या गरीब, थंड, अवघड आणि लांबच्या मुलखात त्याला टिकवणं मला अशक्य दिसतं.

कुणी ऐकलं नाही. १८४१ मध्ये काबूलच्या फौजेचा मुख्य म्हणून नेमला गेला तो त्याचाच चुलत भाऊ. वॉटर्लूला त्याने पलटण चालवली होती, पण त्याला आता पंचवीस वर्षं उलटून गेली होती. साठीकडे झुकलेला, संधिवाताने जखडलेला, निर्णय घ्यायची वेळ आली की प्रत्येकाचं मत विचारत बसणारा. नोव्हेंबरात बर्न्स मारला गेला, डिसेंबरात कंपनीचा वकील मॅकनॉटन मारला गेला. ६ जानेवारी १८४२ रोजी भर बर्फात फौज काबूलहून जलालाबादकडे निघाली : साधारण साडेचार हजार शिपाई आणि बारा हजारांच्या आसपास बाजारबुणगे, बायकामुलं धरून. शिपायांतले बहुतेक हिंदुस्थानी होते, हे विसरता कामा नये. इंग्रजी चित्रांत दिसतो तो १३ जानेवारीला थकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोचणारा डॉक्टर ब्रायडन. खिंडीत गोठून मेलेल्या हजारो हिंदुस्थानी माणसांची नावं कुठल्याही चित्राखाली नाहीत.

एल्फिन्स्टन स्वतः ओलीस राहिला आणि २३ एप्रिल १८४२ रोजी कैदेतच हगवणीने मेला.

एकाच घरातले इतके जण हिंदुस्थानात कसे?

वशिला. दहाव्या लॉर्डाच्या मुलांपैकी थोरला जॉन अकरावा लॉर्ड झाला. त्याचा धाकटा भाऊ विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक आणि पुढे अध्यक्ष झाला. कंपनीतल्या जागा संचालक आपापल्या मर्जीने वाटत. पुतण्या माउंटस्टुअर्टला त्याच वाटेने नोकरी मिळाली. काबूलवाला जनरल हा या विल्यम फुलर्टनचाच मुलगा.

नेपोलियनशी या घराचा काय संबंध?

त्या विल्यम फुलर्टनचा धाकटा भाऊ जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन आरमारात गेला आणि लॉर्ड कीथ झाला. १७९५ मध्ये डचांकडून दक्षिण आफ्रिकेतलं केप घेणाऱ्या मोहिमेत आरमार त्याच्या हाताखाली होतं. १८१५ मध्ये वॉटर्लूनंतर नेपोलियन इंग्रजांच्या जहाजावर शरण आला, तेव्हा ‘तुम्हाला सेंट हेलेनाला पाठवणार’ हा निरोप जहाजावर जाऊन तोंडावर सांगायचं काम याच्याकडे आलं.

आणि दोनच वर्षांनी त्याच्या मुलीने, मार्गारेट मर्सर एल्फिन्स्टनने, लग्न कुणाशी केलं? नेपोलियनच्याच जवळच्या अधिकाऱ्याशी, फ्लाओ नावाच्या फ्रेंच सरदाराशी. बाप संतापला, तरी ती मागे हटली नाही. तिच्या मुलीचा मुलगा लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. आडनाव बदललं, पण रक्ताचा धागा पुन्हा इथवर आला.

या आडनावातला सगळ्यात मोठा माणूस कोण?

मला विचाराल तर बिशप विल्यम एल्फिन्स्टन. १४३१ मध्ये ग्लासगोत जन्मला. बाप स्वतः धर्मगुरू, म्हणजे लग्न करायला मोकळा नव्हता, मूल अनौरस. त्या काळात हा डाग लहान नव्हता. मुलगा ग्लासगो, पॅरिस, ऑर्लेआँ इथे कायदा शिकला, अ‍ॅबर्डीनचा बिशप झाला, काही काळ स्कॉटलंडचा चॅन्सलर आणि पुढे राजाच्या मुद्रेचा रखवालदार.

अ‍ॅबर्डीन म्हणजे उत्तरेचं टोक. तिथल्या लोकांना शिकायचं तर दूर जावं लागे. त्याने रोमहून पोपचं आज्ञापत्र मिळवलं आणि १४९५ मध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाचा पाया घातला. दोन वर्षांत तिथे वैद्यकाचं अध्यासन होतं. इंग्रजी बोलणाऱ्या जगातलं ते पहिलं. स्कॉटलंडमध्ये छापखाना आला त्यामागेही तोच होता. राजाने १५०७ मध्ये चेपमन आणि मिलर यांना परवाना दिला, आणि एल्फिन्स्टनने तयार करवून घेतलेला स्कॉटिश संतांच्या प्रार्थनांचा ग्रंथ १५१० पर्यंत छापून झाला. इंग्लंडवर स्वारी करू नका असं त्याने राजाला बजावलं होतं. राजाने ऐकलं नाही आणि फ्लॉडन घडलं. म्हातारा बिशप पुढच्याच वर्षी गेला.

जाणत्या एल्फिन्स्टनने सावध करावं, कुणी ऐकू नये आणि त्याच घरातला दुसरा त्यात मरावा, हे या घराण्यात तीनशे वर्षांच्या अंतराने दोनदा घडलं. एकदा फ्लॉडनला आणि एकदा काबूलला.

कुणाचा शिरच्छेद झाला होता म्हणतात?

आर्थर एल्फिन्स्टन, सहावा लॉर्ड बाल्मेरिनो. ही घराण्याची धाकटी पाती. पदच्युत स्टुअर्ट राजांच्या बाजूने तो १७१५ मध्ये उठला आणि १७४५ मध्ये पुन्हा उठला. कलोडनच्या पराभवानंतर धरला गेला आणि १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचं डोकं उडवलं गेलं. लढताना घातलेला निळा गणवेश घालून तो वर चढला, केसांचा टोप काढून स्कॉटिश चौकटीची टोपी घातली आणि म्हणाला, मी स्कॉट म्हणून मरतो.

आणखी कुणी?

जॉन एल्फिन्स्टन हा दर्यावर्दी कॅथरीन राणीच्या रशियन आरमारात गेला आणि १७७० मध्ये चेश्मेच्या लढाईत तुर्कांचं आरमार जाळण्यात सामील होता. जेम्स एल्फिन्स्टन हा शिक्षक डॉ. सॅम्युअल जॉन्सनचा मित्र; उच्चाराप्रमाणे इंग्रजी लिहावं म्हणून त्याने आयुष्यभर धडपड केली, आणि स्वतःच्या आडनावाच्या शेवटचं अक्षरही गाळलं. देवनागरीत लिहिणाऱ्याला त्याचं म्हणणं लगेच पटेल. सर हॉवर्ड एल्फिन्स्टनला क्रिमियाच्या युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आर्थर याला त्यानेच वाढवलं, आणि हा आर्थर पुढे मुंबईच्या सैन्याचा सेनापती होता. हॉवर्ड १८९० मध्ये समुद्रप्रवासात लाटेबरोबर वाहून गेला. सोळाव्या लॉर्डाची बायको ही दुसऱ्या एलिझाबेथ राणीची सख्खी मावशी.

ग्रँट डफच्या नावात एल्फिन्स्टन कसा?

मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हा माउंटस्टुअर्टच्या हाताखाली तयार झालेला, साताऱ्याचा रेसिडेंट. १८२९ मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याने साहेबाचं अख्खं नाव त्याला दिलं : माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. हा मुलगा १८८१ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला.

स्टेशनचं नाव कधी बदललं?

जुलै २०१८ मध्ये. आता ते प्रभादेवी. त्याआधी, २९ सप्टेंबर २०१७ ला, तिथल्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून जास्त माणसं गेली. कामावर निघालेली माणसं होती ती. कित्येक मुंबईकरांच्या मनात ‘एल्फिन्स्टन’ म्हटलं की आता गव्हर्नर येत नाही, तो पूल येतो.

मुंबईत आज या दोघांच्या खुणा कुठे पाहता येतील?

फोर्टमध्ये एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आत जा. तिथे माउंटस्टुअर्टचा पांढरा संगमरवरी पुतळा उभा आहे, चँट्री या लंडनच्या शिल्पकाराने घडवलेला. बाहेर येऊन त्याच पायऱ्यांवरून समोर पाहा. झाडांनी भरलेली गोल बाग दिसते, तिचं जुनं नाव एल्फिन्स्टन सर्कल. ते पुतण्याच्या नावाने होतं. आता तिला हॉर्निमनचं नाव आहे, जालियनवाला बागेची बातमी छापल्यावर इंग्रजांनी ज्याला देशाबाहेर काढलं त्या संपादकाचं.